फिरत्या बंगल्याची भोकं

"पेन्सिल दे," गाडीखालून आवाज आला.

मी वाकून दिली. शाळकरी पोरं वापरतात तसली, लाल-काळ्या पट्ट्यांची. आमचे हे मातीत पाठीवर पसरले होते, बॅटरी दातांत धरलेली, आणि गाडीच्या बुडाला जी फट दिसेल तिच्यात पेन्सिल खुपसून बघत होते. पेन्सिल आत शिरली की खूश.

"इथून येतो लेकाचा. घासणी दे."

"एवढ्याशा भोकातून?"

"पेन्सिल गेली म्हंजे उंदीर गेलाच समज. त्याचं डोकं तेवढं आत जाऊ दे, बाकीचं अंग तो मागून ओढून घेतो. दे ना घासणी, हात भरून आला माझा."

मी तारेची घासणी दिली. ती कुस्करून भोकात कोंबायची, वरून एम-सील थापायचं, भोक मोठं असलं तर पत्र्याचा तुकडा ठोकायचा. त्या हिवाळ्यात आमच्या घरातली भांडी नुसत्या राखेनं घासली जात होती. घासण्या सगळ्या गाडीच्या पोटात गेल्या होत्या आणि जाऊबाई त्यावरून मला रोज टोमणे मारत होत्या.

त्र्यंबक त्यांचं नाव. संसार केला तोवर मी 'अहो'च्या पुढं गेले नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता मात्र मी नावानं बोलते, आणि एकेरीत बोलते. रागवायचं तर रागवू दे.

निफाडकडं आमचा द्राक्षाचा मळा. घरात सासू, मोठे दीर बाजीराव, जाऊबाई, त्यांची मुलं आणि आम्ही दोघं. त्र्यंबकचं मन बागेत कधी रमलंच नाही. त्यानं नाशिकच्या एका ट्रॅव्हल कंपनीत सहलीच्या बस चालवल्या, आणि कंपनी बंद झाली तेव्हा मालकाकडची जुनी मोटार होम घेऊन घरी आला. आत पलंग, ओटा, बेसिन, गॅस, कपाट, खिडक्यांना पडदेसुद्धा. गावानं तिचं नाव 'फिरता बंगला' पाडलं. बायका मुद्दाम येऊन बेसिनचा नळ सोडून बघायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या.

मला हसू येत नव्हतं. लग्न झाल्यापासून मी ज्या खोलीत झोपले, तिच्यात बाजरीची पोती, ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्याही झोपायच्या. पहाटे कुणीही दार लोटून पाटी न्यायला यायचं. मूलबाळ आम्हाला झालं नाही, आणि त्यावर बोलायला सगळं गाव मोकळं होतं. या गाडीला आतून कडी होती. पहिल्यांदा ती लावली आणि मी पलंगावर बसून रडले, सुखानं रडले. गिऱ्हाईक म्हणेल तिकडं जायचं, कोकणात, गडावर, कुठंही. त्र्यंबक गाडी चालवणार, मी स्वयंपाक करणार, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा तेच आमचं घर. मला एवढंच हवं होतं.

आदल्या हिवाळ्यात उंदरांनी त्याचं वाटोळं केलं होतं. गाडी कांद्याच्या चाळीशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. दिवाळीपर्यंत चाळीतला कांदा विकला जातो, मग तिथले उंदीर आसरा शोधत निघतात, आणि समोर आमचा बंगला तयार. त्यांनी गादीत पिल्लं घातली, पडदे कुरतडले, वायरी सोलून ठेवल्या. गुढीपाडव्याला निघायचं म्हणून त्र्यंबकनं चावी फिरवली तर पुढून धूर आला. ते वर्ष गेलं. विष घालावं तर उंदीर दोन पत्र्यांच्या मध्ये जाऊन मरतात आणि तो वास काही केल्या जात नाही. म्हणून या खेपेला त्र्यंबकनं ठरवलं होतं की मारायचं नाही, आत शिरूच द्यायचं नाही.

सासूला आम्ही आत्या म्हणतो आणि बाजीरावांना मोठे भाऊ. आत्यांना ते उंदीर आपल्या बाजूचे वाटायचे.

"गणपतीचं वाहन आहे ते," गाडीतून धूर आला त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या. "त्याच्याच मनात नाही तुम्ही जावं."

त्र्यंबक पोटात असताना माझे सासरे वारले होते. या धाकट्यावर आत्यांचा जीव, आणि तोच घर सोडून निघालेला. दसऱ्याला त्यानं सोनं देऊन पाया पडताना सांगितलं की, यंदा पाडव्याला नक्की निघणार. त्या दिवसापासून आत्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. बोलायचंच झालं तर गोठ्यातल्या गायीशी बोलायच्या.

"सांग गं कपिले तुझ्या मालकाला, भाकर झाकून ठेवलीय म्हणावं."

त्र्यंबकही त्यांचाच लेक. तोही गायीकडं तोंड करून म्हणायचा, "भूक नाही म्हणावं."

गाय बिचारी दोघांकडं आळीपाळीनं बघायची आणि मी आत जाऊन हसायची. आत्यांचा मला राग होता, तो कशाला लपवू? मीच त्याला फूस लावली असं त्या चारचौघींत सांगायच्या. आणि ते काही खोटं नव्हतं.

शेवटी गाडीला दोन भोकं उरली. एक खाली गॅसपाशी, एक छताला. दोन्हींना जाळी होती, त्यातली खालची उंदरांनी फाडलेली.

"यांनी तं आवतणच दिलं होतं," त्र्यंबक म्हणाला. त्यानं दोन्हींवर पत्रा मारला आणि कडेनं सिलिकॉन फिरवलं.

"अहो, पण ही हवेसाठी असतील ना?"

"मंग? हिवाळ्यात कोण ऱ्हाऊ ऱ्हायलंय तिच्यात? निघताना काढू की."

दाराला आणि खिडक्यांना त्यानं नवं रबर बसवलं. दार ओढलं की डब्याचं झाकण बसावं तसा आवाज यायचा. तो आवाज ऐकवायला त्यानं मला पुन्हा पुन्हा दार लावून दाखवलं. मग गाडीच्या फरशीवर गव्हाचं पीठ पातळ पसरून ठेवलं. उंदीर आला तर पिठात पावलं उमटतील, आणि कुठून आला तेही कळेल. रोज सकाळी चहाच्या आधी तो पीठ बघायला जायचा आणि परत येऊन मला नुसती मान हलवून सांगायचा, नाही म्हणून. ती मान बघून माझा दिवस चांगला जायचा. मी माझ्या पेटीतलं थोडं थोडं सामान गाडीच्या कपाटात नेऊन ठेवायला लागले होते.

मग थंडी आली. आमच्याकडची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. बादलीतल्या पाण्याला हात लावला तर बोटं आखडतात, गवतावरचं दव पांढरं पडतं. घड तेव्हा भरत आलेले असतात. गारठा वाढला की मणी तडकतात आणि वर्षाचं पीक हातचं जातं. म्हणून पहाटेच उठून बागेत ओळीओळीनं शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं, आणि दिवस वर येईपर्यंत त्या विझू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी आम्ही सगळे बागेत होतो. छाटणीच्या वाळक्या काड्या, वर बाभळीचे ओंडके. धुरानं डोळे चुरचुरत होते आणि पाठ मात्र बर्फासारखी गार होती.

उजाडता उजाडता ठिबकची एक नळी निसटली. ती बसवताना त्र्यंबक गळ्यापासून गुडघ्यापर्यंत भिजला. तो माझ्याकडं आला तेव्हा त्याचे दात वाजत होते.

"घरात चला, चुलीपुढं बसा," मी म्हटलं.

"कोरडे कपडे गाडीत आहेत. तिथंच पडतो जरा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काल पिठात पाऊल उमटलंय, सरला. एक आत ऱ्हायलाय. सगळं बंद आहे तं तो बाहेर जाणार कुठून? निजून ऐकतो. खडखड झाली की सापडलाच."

"उंदीर कुठं पळून चाललाय? आधी शेका तुम्ही."

"पोरं उठली की घरात गलका. तू चहा तिकडंच आण."

आत्या पलीकडच्या शेकोटीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. तो त्यांच्या समोरून गेला. दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. तो गेल्यावर आत्या कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "कुडकुडू ऱ्हायलंय पोरगं." गाय तेव्हा जवळ नव्हती.

मी घरी येऊन भाकरीला बसले. बागेत कामाला बायका येणार होत्या, त्यांच्या न्याहारीची घाई होती. भाकरी थापत असताना आत्या मागच्या दारानं आत आल्या. त्यांच्या तोंडावर काहीतरी वेगळंच होतं. दसऱ्यानंतर मी त्यांना तसं बघितलं नव्हतं.

"बोलला," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"कोण म्हंजे? त्र्यंबक. मी दारात गेले तं म्हणाला, आई, आत ये, गार वारं लागंल. आई म्हणाला मला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्हटलं, तू निज. दार मी लावते."

मी तव्यावरची भाकरी उलटली. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. अबोला आहे तोवर आपलं जाणं पक्कं, असं माझ्या मनात होतं. आता माय-लेक एक झाले तर पाडव्याला आत्या रडतील आणि हा विरघळेल, अशी भीती मला वाटली.

"चहा नेते त्यांना," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे गं. डोळा लागला असंल. रात्रीतून उठलेला आहे तो. भाकरी होऊ दे तुझ्या." मग थांबून म्हणाल्या, "जायचं तं जाईल. दारात गाडी आहे, परत येता येतं माणसाला. मी काय अडवणार?"

हे मला नवीन होतं. मी हातातलं पीठ तसंच धरून त्यांच्याकडं बघितलं. त्या चुलीत लाकूड सरकवत होत्या. त्यांनी हो म्हटलं होतं, ज्यासाठी मी इतके दिवस कुढत होते ते असं भाकरीच्या वेळेला, सहज. मला इतका आनंद झाला की मी राहिलेल्या भाकरी भराभर थापल्या आणि बायकांची न्याहारी बांधूनच चहा टाकला. चहात आलं जास्त घातलं. ही बातमी त्याला मीच सांगणार होते.

गाडीचं दार ओढून उघडलं तर आतून ऊब आली. इतकी छान ऊब होती की मला आधी बरंच वाटलं. त्र्यंबक कुशीवर निजला होता, हात उशीखाली घालून, नेहमीसारखा. गालावर लाली होती. चांगली झोप लागलीय, असंच मला वाटलं. पलंगाच्या पायथ्याशी घमेलं होतं, त्यात बाभळीचे निखारे, वरून राखेची साय धरलेले. धूर नव्हता, कसला वास नव्हता.

"अहो, उठा. एक सांगायचंय."

मी कप ओट्यावर ठेवला. खांद्याला हात लावला, मग हलवलं, मग ओरडले. माझं डोकं गरगरायला लागलं आणि गुडघे आपोआप वाकले. दार उघडं होतं म्हणून मी वाचले. बाहेर येऊन मातीत पडले तेव्हा मोठे भाऊ बागेतून पळत येत होते.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी मोठ्या भावांना आणि मला बाजूला बोलावलं.

"आत निखारे होते का?"

"होते," मोठे भाऊ म्हणाले.

"आणि गाडी बंद?"

"त्यानंच उंदरांसाठी सगळी भोकं बुजवली होती. वरची, खालची, सगळी."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "कोळशाचा वायू होतो बंद जागेत. दिसत नाही, कळत नाही. माणूस झोपेतच जातो. निखारे कुणी ठेवले?"

"त्यानंच नेले असतील. भिजला होता."

मला माहीत होतं, त्यानं नेले नव्हते. घमेलं गोठ्यातलं होतं, आणि त्याच्या काठाला हात भाजू नये म्हणून गुंडाळलेली चिंधी आत्यांच्या जुन्या लुगड्याची होती. चिंधी मी ओळखली होती.

दवाखान्याच्या फाटकाशी मोठे भाऊ थांबले. त्यांचा चेहरा राखेनं माखलेला होता, त्यात डोळ्यांपासून खाली दोन ओघळ.

"सरला, घरात हे काढायचं नाही. वायू, कोंडमारा, काहीच नाही. आईशी अबोला होता हे गावाला ठाऊक आहे. लोक म्हणतील, त्यानंच जाणूनबुजून केलं. थंडीनं हृदय बंद पडलं, एवढंच सांगायचं."

मी हो म्हटलं. त्यांना वाटलं, मी घराच्या अब्रूसाठी हो म्हटलं. तसं काही नव्हतं. मला ती गोष्ट माझ्यापाशी ठेवायची होती. आत्यांनी माझा नवरा मारला, आणि हे त्यांना मी सांगणार, मला हवं तेव्हा, सगळ्यांसमोर. ते सगळे दिवस मी त्याच एका विचारावर काढले. लोक म्हणत होते, सरला रडत नाही, धक्का बसलाय तिला. मला कसला धक्का? मी वाट बघत होते.

दहाव्याला घर बायकांनी भरलं होतं. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकीपुढं तेच चाललं होतं.

"हिनं नेला माझा पोरगा. घरात चूल असताना त्या पत्र्याच्या डबड्यात निजवला, एवढ्या गारठ्यात. ही इथं चुलीपुढं बसून भाकरी थापू ऱ्हायली आणि तो तिकडं गारठून मेला. कशाला बायको म्हणायची हिला?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. जाऊबाईंनी माझा हात दाबला, गप्प रहा म्हणून. मी तो सोडवला आणि उठून आत्यांसमोर जाऊन उभी राहिले. शब्द ठरलेले होते, रोज मनात घोकलेले. मी तोंड उघडलं.

"आत्या, त्या दिवशी गाडीत..."

"मला ठाऊक आहे तू काय म्हणशील," त्या मध्येच म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बसला. त्यांनी माझ्या लुगड्याचा काठ दोन्ही हातांनी धरला. "मी गेले होते ना तिथं. मी बघितला त्याला कुडकुडताना. मंग एकच घमेलं का नेलं गं मी? दोन न्यायला पाहिजे होती. शेकोटीत निखारा मायंदाळ पडला होता, काय कमी होतं? दुसऱ्या खेपेचा कंटाळा केला मी. दुसरं घमेलं नेलं असतं तं उबेनं जगला असता माझा बाळ."

एका म्हाताऱ्या बाईनं हुंदका दिला.

मी तशीच उभी होते. घोकलेले शब्द तोंडात होते, आणि खाली तो चेहरा होता. तिथं आता मारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला आत्यांचा राग आला नाही. पहिल्यांदाच मला त्र्यंबकचा राग आला, त्याच्या पेन्सिलीचा आला, आणि मग मी खाली बसून रडायला लागले. आत्यांच्याच मांडीवर रडले, दुसरी जागा नव्हती.

"तुम्ही पुष्कळ नेले होते निखारे, आत्या," मी म्हटलं. "पुरेसे होते. ऊब होती आत, मी बघितलं. त्यांचं हृदयच कच्चं होतं."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नाही, आजवर पटलेलं नाही.

गाडी मोठ्या भावांनी विकली. कपाटातलं माझं सामान परत पेटीत आलं. आत्या त्यांचं अंथरूण घेऊन माझ्या खोलीत निजायला आल्या, मी एकटी पडू नये म्हणून. आणि येताना घमेलं घेऊन आल्या.

"एकदा कमी पडलं माझ्या हातून," त्या म्हणाल्या. "आता नाही पडू देणार."

त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, आणि निखारे आम्हा दोघींच्या मधोमध ठेवले. मी पडल्या पडल्या ते बघत राहिले. नका ठेवू म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का? आणि त्या 'का'चं उत्तर एकच होतं. मी उठले आणि खिडकी उघडली.

"गारठा येतोय गं."

"असू द्या, आत्या. बंद खोलीत मला घुसमटतं."

थंडी सरेपर्यंत रोज तेच. त्या लावायच्या, मी उघडायची, त्या कुरकुर करत पांघरूण ओढून घ्यायच्या. घरातल्यांना वाटायचं, आमची सासू-सुनेची जुनीच खेचाखेच चाललीय.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला माझा भाऊ मला न्यायला आला. त्यानं सिन्नरला माझ्यासाठी खोली बघितली होती, पाळणाघरात कामही. "किती दिवस इथं बाजरीच्या पोत्यांत काढणार, ताई? वेगळी रहा, मोकळी रहा. हेच पाहिजे होतं ना तुला?" हेच पाहिजे होतं मला. मोठ्या भावांनीही अडवलं नाही. मी पिशवी भरली आणि संध्याकाळच्या गाडीला निघायचं म्हणून आत्यांच्या पाया पडायला आत गेले.

त्या अंथरुणावर बसल्या होत्या. वर्षात निम्म्या झाल्या होत्या. समोर घमेलं होतं, त्या मोसमातलं पहिलं, आणि त्यावर त्यांनी हात धरले होते.

"सुखी रहा," त्या म्हणाल्या. "तिकडं ऊबदार रहा बाई. आणि जाताना तेवढी खिडकी लावून घे. तुलाच घुसमटायचं. मला सोसत नाही गारठा."

मी खिडकीपाशी गेले. फळी ओढली, कडीवर हात ठेवला. मला काहीच करायचं नव्हतं, त्यांनी सांगितलं तेवढंच करायचं होतं. उद्या कुणीही मला बोल लावला नसता. म्हातारं माणूस, थंडीत गेलं, असंच सगळे म्हणाले असते, आणि मी सिन्नरला माझ्या खोलीत असते, कडी आतून लावून. तो विचार माझ्या मनात आला आणि चांगला थोडा वेळ राहिला.

"ताई, आवर. गाडी जाईल," भावानं अंगणातून हाक मारली.

"तू जा," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"जा तू. मी नाही येत."

तो दारापर्यंत आला, माझ्या तोंडाकडं बघून परत फिरला. आत्यांनी मान वर केली.

"काय गं? खिडकी लागत नाही का?"

"नाही लागत, आत्या."

"मंग कशाला उभी तिथं वाऱ्यात? ये इकडं. शेकून घे जरा."

मी फळी पुन्हा बाहेर लोटली, पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.